वरकड्याचा हिवाळा

थंडी पडायला लागली की आमच्या चिंचवडच्या सोसायटीमागची मोकाट कुत्री खोकायला लागतात. घशात अडकलेलं काही निघता निघत नाही, असा तो माणसासारखा खोकला असतो. पहाटेच्या शिफ्टच्या बसगाड्या गेटाशी घरघरत उभ्या असतात, कामगार मफलर गुंडाळून चहा पीत असतात, आणि त्या सगळ्या आवाजांतून मला फक्त तो एक आवाज ऐकू येतो. मी खिडकी लावून घेतो. घरातल्यांना वाटतं, म्हाताऱ्याला गारठा सोसत नाही. गारठ्याचं मला काही नाही. ऐन पौषात एका धोतरानिशी बैल हाकत तळेगावाहून चाकणला चालत आलेला माणूस आहे मी. मला तो खोकला सोसत नाही.

परवा नातीनं कुत्र्याचं पिल्लू आणलं आणि त्याला लस टोचायला मला बरोबर नेलं. जनावरांचा दवाखाना म्हणून मी गेलो, तर आत फरशी चकचकीत, भिंतीवर मांजरांची चित्रं, आणि टेबलावर खरोखरीचं एक मांजर सलाईन लावून पडलेलं. मांजराला सलाईन! मालकीण त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि डॉक्टरीणबाई हळू आवाजात तिला समजावत होत्या. एवढ्या हळू आवाजात माझ्याशी कुठला डॉक्टर कधी बोललेला नाही. मी बाकावर बसलो आणि मला एकदम राग आला. कुणाचा, ते नातीला सांगता येईना. ती म्हणाली, "आजोबा, एवढं काय झालं? आपला नंबर येईल की आता." तिला वाटलं, मी नंबरासाठी तापलोय.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. चाकणला तेव्हा कारखाना नव्हता, बाजार होता. बाजाराच्या दिवशी उजाडायच्या आत पटांगणावर धुकं आणि धूळ एकमेकांत मिसळलेली असायची. आधी बैल दिसायचे नाहीत, नुसत्या घुंगरमाळा ऐकू यायच्या. मग शिंगांना चोपडलेल्या तेलाचा वास, शेणाचा ऊबदार वास, वखारींकडून येणारा कांद्याचा उग्र दर्प. घोंगड्यांवर दव साचून घोंगड्या जड व्हायच्या. त्या पटांगणावर मी दलाल होतो. वडिलांनी मागं काहीच ठेवलेलं नव्हतं. जे होतं ते माझ्या जिभेत आणि उजव्या हाताच्या बोटांत.

बोटांचं नव्या माणसांना सांगायला हवं. बैलाचा भाव तेव्हा तोंडानं कुणी बोलत नसे. घेणारा आणि देणारा एकमेकांच्या हातात हात घालत, वर उपरणं टाकत, आणि उपरण्याखाली बोटं धरून, दाबून, सोडून भाव चाले. वर मात्र दोघं पीकपाण्याच्या गप्पा मारत, जणू हात त्यांचे नव्हेतच. भोवती शंभर माणसं उभी असली तरी खाली काय चाललंय ते दोघांनाच ठाऊक. आणि एक रीत पक्की होती. जो आधी हात काढून घेईल त्यानं सौदा मोडला. त्यामुळं मी हात कधी काढत नसे. समोरचा घामाघूम होईपर्यंत धरून बसायचो. बाजारात मला म्हणायचे, "नामाच्या हातात हात दिला तर घरून भाकरी मागवून ठेवा."

वरकड्या असाच आला. माणचा एक शेतकरी खोंड विकायला आला होता. सौदा अडला. सूर्य चांगला वर आला, त्याची बायको तिकडं गाडीपाशी उभी राहून हाका मारू लागली, आणि मी म्हणत होतो, वर काहीतरी द्या. शेवटी त्यानं डाव्या हातानं घोंगडीत चाचपून एक पिल्लू काढलं आणि माझ्या मांडीवर टाकलं. "हे घ्या वरकड, आन सोडा माझा हात, मालक!" सगळं पटांगण हसलं. वर मिळालं म्हणून नाव वरकड्या. तांबूस अंग, एका कानाचं टोक काळं. माझ्या आयुष्यात मी घासाघीस करून मिळवली नाही अशी गोष्ट नाही, पण त्या पिल्लानं त्या दिवसापासून माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच त्याला वर मिळालो होतो.

शेवंता, म्हणजे घरातली, सुरुवातीला करवादली. "बैल विकायचे सोडून कुत्री आणायला लागला का?" आणि त्याच संध्याकाळी तिनं आपल्या ताटातली भाकरी दुधात कुस्करून त्याच्यापुढं ठेवली. बाजाराच्या दिवशी तो माझ्याबरोबर यायचा, सौदा चालू असला की माझ्या पायावर हनुवटी टेकून बसायचा आणि उपरणं हललं की कान टवकारायचा. माझा जोडीदार दलाल रहिमानभाई म्हणायचे, "नामा, तुझ्यापेक्षा याला भाव लवकर कळतो. पुढल्या साली दलाली यालाच दे."

पुढल्या साली तो हिवाळा आला.

आधी खोकला. मग नाकाचं पाणी, मग डोळ्यांना घट्ट चिपडं, इतकी की सकाळी शेवंता कोमट पाण्यात बोरिक पावडर घालून कापसानं डोळे सोडवायची तेव्हा कुठं त्याला दिसायचं. नाक कोरडं पडून त्याला भेगा गेल्या. तळपाय तर असे कडक झाले की घरात चालला तर फरसावर लाकडी खडावांसारखा आवाज यायचा. बैलाचं काय होतंय ते मी लांबून चालीवरून सांगत होतो. खुरकूत, घटसर्प, फऱ्या, सगळ्यांची नावं आणि सगळ्यांवरचे उपाय तोंडपाठ. आणि हे एवढंसं जनावर माझ्या उंबऱ्यावर पडून होतं, त्याच्या दुखण्याला माझ्याकडं नावसुद्धा नव्हतं. ज्याला नाव नाही त्याच्याशी घासाघीस करायची तरी कशी?

हळद झाली, ओव्याची धुरी झाली, भाताची पेज चमच्यानं झाली. शेजारचे धोंडीतात्या काठी टेकत आले आणि म्हणाले, "कपाळाला डाग द्या. माझ्या आज्यानं दिला व्हता, कुत्रं उठून पळालं."

"पळणारच. कपाळाला तापलेला विळा टेकवल्यावर तुम्ही नाही का पळणार, तात्या?" मी म्हणालो.

"मग मरू द्या तुमचं!" म्हणून तात्या रागावून गेले, आणि ते मनात ठेवून गेले.

रहिमानभाईंनी एक बातमी आणली. पिंपरीला माळावर औषधाचा मोठा सरकारी कारखाना उभा राहिलाय, माणसं मरता मरता उठून बसतील असं काहीतरी तिथं पिंपात तयार होतं. दुसऱ्या दिवशी कांद्याच्या ट्रकवर पोत्यांमध्ये बसून मी भोसरीपर्यंत गेलो आणि तिथून माळ तुडवत पिंपरीला. ते सगळं नवंकोरं होतं. पांढऱ्या भिंती, उंच नळ्या, आणि हवेत आंबलेल्या पिठासारखा एक वास. फाटकावर मराठवाड्याकडचा एक पहारेकरी खाकी कोटात शेकत बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं, हसला नाही.

"भाऊ," तो म्हणाला, "हितं औषध व्हतंय, मिळत न्हाई. माझी माय तिकडं गावी खोकती, तिला न्यायला बी मला हितून काय मिळत न्हाई. आन तुमी तर कुत्र्यासाठी आलाव." मग त्यानं आपल्या थर्मासातला चहा मला झाकणात ओतून दिला. आम्ही दोघं त्या भिंतीला पाठ लावून चहा प्यालो. भिंतीपलीकडं जगभरची औषधं शिजत होती. उन्हं कलली तसा मी उठलो. आजही पिंपरीवरून बस जाते तेव्हा मला तो चहाच आठवतो. त्यात साखर जरा जास्त होती.

परत आलो तर पाराभोवती माणसं जमलेली.

वरकड्या उठून पारापर्यंत गेला होता, मला शोधायला असावा. तिथं पोरं खेळत होती. त्याला एकाएकी आकडी आली. जबडा कटकट वाजायला लागला, तोंडाला फेस आला, चारी पाय हवेत झाडत तो मातीत गोल फिरला. आकडी गेली तसा तो उठून उभा राहिला आणि काहीच झालं नाही अशा ओळखीनं शेपटी हलवायला लागला. पण तोवर कुणीतरी ओरडलं होतं, "पिसाळलंय!" तो शब्द एकदा सुटला की परत घेता येत नाही. दोघातिघांच्या हातात काठ्या होत्या. धोंडीतात्या सगळ्यांत पुढं.

मी मध्ये उभा राहिलो. "पाणी पितंय ते! पिसाळलेलं पाण्याला भितं. घ्या, तुमच्यासमोर पाजतो." शेवंता घरातून पितळीत पाणी घेऊन आली. तिच्या कडेवर आमचं लेकरू होतं, म्हणून तिनं पितळी लांबूनच ठेवून पायानं पुढं सरकवली. वरकड्यानं जीभ लावली. प्याला. खरंच दोन घोट प्याला, मी पाहिलं. आणि तेवढ्यात त्याच्या मानेला झटका बसला, डोकं पितळीवर आपटलं, पाणी सांडलं, पितळी खणखणत लांब गेली.

"बघा! भ्यालं पाण्याला!" तात्या म्हणाले.

"प्यालं की! डोळे फुटले का तुमचे?"

"नामा, तुझं डोळं उघडं हायेत ना? मग बायकू-पोराकडं बघ."

मी शेवंताकडं पाहिलं. ती रडत होती आणि लेकराला घट्ट धरून मागं मागं सरकत होती. "अहो," ती म्हणाली, "त्याला मारू देऊ नका. पण घरात नका आणू हो." ज्या बाईनं त्याचे डोळे रोज सकाळी सोडवले, तीच. तिचंही चुकलं नव्हतं. तिथं कुणाचंच चुकत नव्हतं, आणि त्यामुळंच मला भांडायला कुणी सापडेना.

मी गावाशी सौदा केला. काठ्या खाली ठेवा. उद्या बाजार आहे, गुरांचा डॉक्टर बैलांना बुळकांडीची लस टोचायला येणार आहे. तो बघेल. तो म्हणाला पिसाळलंय, तर मी स्वतः बाजूला होतो. म्हणाला नाही, तर माझं कुत्रं माझ्या उंबऱ्यावर राहील. तोवर त्याला पटांगणाच्या कडेला, बाभळीखालच्या दगडी दावणीला साखळीनं बांधतो. हातापाया पडून, दमदाटी करून मी एवढं मिळवलं. एवढ्या वर्षांत केलेला माझा सगळ्यांत अवघड सौदा तो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आला. डोक्याला खाकी टोपी, बर्फाचा डबा, पुढं बैलांची ही रांग. एकेका बैलाची मान धरली जात होती, सुई टोचली जात होती. वरकड्या तिथून दिसत होता, बाभळीखाली. डॉक्टरानं उठून चालत जावं एवढंच अंतर.

"कुत्रं माझ्या कामात येत नाही," तो मान वर न करता म्हणाला. "अंधार पडायच्या आत ही रांग संपवायचीय मला."

"साहेब, औषध नको. नुसतं बघा, आणि चारचौघांत सांगा की हे पिसाळणं नव्हे."

"आणि असलं तर? ते मला चावल्यावर तू येणार का माझ्या घरी सांगायला?" मग जरा थांबून म्हणाला, "कुत्र्यांच्या एका तापावर लस निघालीय असं ऐकतो. मुंबईत साहेब लोकांच्या कुत्र्यांना टोचतात. इथं कुठली मिळणार?"

तो थांबला, हे मी हेरलं. बैल विकणारा असा क्षणभर थांबला की दलालाला कळतं, आता हा वाकेल. डोक्यानं काही ठरवायच्या आत माझ्या हातानं ठरवलं. मी खांद्यावरचं उपरणं त्याच्या हातावर टाकलं आणि खाली त्याचा हात धरला. मी मागणं मागत होतो. मला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं मागता येत नव्हतं. जन्मभर जे मिळालं ते या उपरण्याखालीच मिळालेलं.

त्यानं निखारा लागल्यासारखा हात ओढून घेतला. "लाच देतोस? मला? भर बाजारात?"

सगळी रांग वळून बघायला लागली. कुणीतरी फिसकन हसलं. आणि माझं डोकं फिरलं. "लाच द्यायची असती तर तुमच्या घरी आलो असतो, बाजारात कशाला? तुम्हाला बैल कळतो, साहेब, माणूस कळत नाही! आणि बैल तरी किती कळतो, ते हा बाजार जाणतो!" आणखीही बरंच बोललो. रहिमानभाई मला कमरेला धरून मागं ओढत होते. "चूप, नामा, चूप हो. अरे, गरज आपली आहे."

तो बाभळीपर्यंत आला नाही. बैल संपले, बर्फाचा डबा जीपमध्ये गेला, जीप खेडच्या दिशेनं गेली. एवढी वर्षं झाली, ती जीप माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. लोक म्हणतात, तू तोंड आवरलं असतंस तर. का आवरायचं? चार पावलं चालायची होती त्याला. माझं म्हणणं आजही तेच आहे.

दवाखान्यात नातीच्या पिल्लाला टोचून झाल्यावर मी डॉक्टरीणबाईंना सगळं विचारलं. डोळ्यांची चिपडं, कडक तळपाय, वाजणारा जबडा. आणि शेवटी शेवटी त्याचा एक पुढचा पाय आपोआप उडत राहायचा, झोपेतसुद्धा, ठरावीक लयीत. त्या ऐकत होत्या.

"आजोबा, तुम्ही सांगताय त्यावरून तो डिस्टेंपर असणार. ही आत्ता टोचली ना, ती त्याचीच लस."

"म्हणजे आता औषध निघालं त्याच्यावर."

"औषध नाही. आधी टोचलं तर वाचतं. एकदा लागण होऊन आकडी यायला लागली, की आजही आमच्या हातात फारसं काही नसतं. नुसती सेवा करायची."

"आजही?"

"आजही."

मी सलाईन लावलेल्या त्या मांजराकडं बघत राहिलो. मग त्या सुयांनी, त्या फरशीनं, पिंपरीच्या त्या पांढऱ्या भिंतींनी काही झालं नसतं. तो डॉक्टर आला असता तरी वरकड्या गेलाच असता. इतकी वर्षं उराशी धरलेला राग कुणीतरी हळू आवाजात काढून घ्यावा, तसं मला झालं. मी तो दिला नाही. मी विचारलं, "पण पिसाळणं नव्हतं ना ते?"

"नाही, आजोबा. पिसाळलेलं नसावं ते."

तेच वाक्य. चारचौघांत सांगा म्हणून ज्यासाठी मी भर बाजारात हात पसरला होता, तेच. ऐकायला आता माझी नात होती, एक मांजर होतं आणि लस टोचलेलं एक पिल्लू होतं. धोंडीतात्या नव्हते. शेवंताही नव्हती, तिनं ऐकायला हवं होतं. माझा त्या गुरांच्या डॉक्टराकडं एवढाच तर दावा आहे. जीव वाचव असं मी म्हटलंच नव्हतं. वरकड्याला त्याच्या उंबऱ्यावर मरू दे, एवढंच म्हटलं होतं.

बाजार उठल्यावर पटांगण फार रिकामं दिसतं. शेण, कडब्याच्या काड्या, तुटलेली एखादी घुंगरमाळ, आणि त्यावरून सरकणारं गार ऊन. त्या दिवशी गावानं काठ्या पुन्हा उचलल्या नाहीत. उचलायची गरज नाही हे तात्यांनासुद्धा लांबून दिसत होतं. लांब उभं राहून बघायचं, हात लावायचा नाही, असं मी शेवंताला कबूल केलं होतं. लांबून मला दिसत होतं की तो थंडीनं कापतोय. मी जवळ गेलो आणि अंगावरचं उपरणं काढून त्याला पांघरलं. त्यानं डोळे उघडले नाहीत, ते चिकटलेलेच होते. पण काळ्या टोकाचा तो कान उपरणं हलल्याबरोबर टवकारला. मी शेजारी मातीत बसलो आणि उपरण्याखाली हात घातला.

त्याचा पंजा माझ्या तळहातात आला. लाकडासारखा कडक. आणि तो उडत होता. दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. त्याचं ते दुखणंच होतं, दुसरं काही नव्हतं, हे मला कळत होतं. पण माझ्या हाताला कळेना. आयुष्यभर त्या जागी कुणी बोट दाबलं की माझ्या हातानं उत्तर दिलं होतं, कधी चढून, कधी उतरून, कधी नुसतं थांबून. तो दाबत होता आणि मला उत्तर सापडत नव्हतं. काय देऊ? जे होतं ते सगळं मी धरून बसलो होतो आणि समोर घेणारा कुणी नव्हता.

घरी निघालेला एक गाडीवान रस्त्यावरून ओरडला, "काय नामाशेट, बाजार उठला तरी सौदा चालूच का? कुणाचा हात धरलाय एवढा?"

मी वर पाहिलं नाही. बैलांची घुंगरं लांब लांब जात बंद झाली. पंजाची लय हळू पडत गेली, मग मध्येच चुकायला लागली, मग बराच वेळ काही नाही, मग एकदा. मी पुढच्याची वाट पाहिली.

रीत अशी, की जो आधी हात काढून घेईल त्यानं सौदा मोडला. मी हात काढला नाही. ऊन पटांगणावरून गेलं, उपरण्यावरून गेलं, तरी काढला नाही. शेवटी रहिमानभाई आले, माझ्यासमोर उकिडवे बसले, आणि उपरण्याखाली हात घालून त्यांनी एकेक बोट करून माझा हात सोडवला.